माजघरातली ओकळी

१९ जानेवारी १९९७, रविवार

आलो एकदाचे. टेम्पोत एक ट्रंक, दोन गाद्या, स्टोव्ह आणि मी. हे पुढं ड्रायव्हरजवळ बसले. हे म्हणजे हेमराज. डायरी माझी आहे, इथं नाव लिहायला काय हरकत. डायरी साडीच्या व्यापाऱ्यानं दिवाळीला दिली होती. सुरतेतल्या डिंडोलीत त्याच्याकडून साड्या आणून मी टिकल्या चिकटवायची. तिथं दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं होतो, तेव्हा लिहायला ना जागा ना सवड. आता दोन्ही आहेत.

घर इच्छापोरच्या पुढं, हजीऱ्याच्या रस्त्यावरून आत वळल्यावर, आंब्यांच्या मागं. दीडशे वर्षांचं शेतघर. सागाचे खांब इतके जाड की माझ्या मिठीत मावत नाहीत. मी मिठी मारून पाहिली, हे हसले. पुढं ओसरी, तिच्यात पितळी कड्यांचा झोपाळा, मग माजघर, मागं गोठा आणि विहीर. आमच्यासाठी मागच्या दोन खोल्या. दोन. मी तीनदा आत-बाहेर केलं.

मालक भूपेंद्रभाई सुरतेत राहतात. माणूस देव आहे. म्हणाले, बेन, इथं सिमेंट नको, फरशी नको. शेणामातीची जमीन आहे तोवर हे घर आहे, ती राखणं तुझं काम. यांचं काम गोठा आणि बाग. मी म्हटलं, शेणामातीतच वाढले मी पारोळ्याला, काळजी सोडा.

शोभाला, म्हणजे माझ्या जावेला, मी मुद्दाम पत्र टाकणार आहे. एक टाइल्सवाली खोली मिळाली तर काय नाचत होती.

२४ जानेवारी

काम कळलं. दर एकादशीला सगळं घर सारवायचं. नुसतं सारवून भागत नाही, ओल्या सारवणावर चार बोटांनी कमानी ओढायच्या, एकीला एक लागून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिला इथं ओकळी म्हणतात. आमच्याकडं असली नक्षी नसते. माझ्या कमानी पुढं जाऊन लंगडतात.

माजघरात मात्र आधीच्या बाईनं काढलेली ओकळी अजून आहे. वत्सला नाव तिचं, आपल्याच खान्देशातली विधवा बाई. अकरा वर्षं इथं होती. दिवाळीत अचानक काम सोडून कोसाडला लेकाकडं गेली. तीन महिने झाले, वर माणसं चालतात, तरी ओकळी जशीच्या तशी. एकेक कमान आखून काढल्यासारखी. भूपेंद्रभाई तिच्यावरून अनवाणी चालतात. वत्सलाबेनचा हात, वत्सलाबेनचा हात, दहा वेळा म्हणाले असतील.

मोठी गोष्ट पुढंच आहे. भूपेंद्रभाईंचे दोन धाकटे भाऊ म्हणतात, घर पाडा, गोदामाला जागा द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिघे इथं जमणार. घर चांगलं राखलेलं दिसलं तर पाडायचं नाही, आणि जी बाई सारवते तिच्या नावावर मागच्या दोन खोल्या जन्मभर लिहून द्यायच्या, असं त्यांचं ठरलंय. जन्मभर. मला रात्री जेवण गेलं नाही आनंदानं.

२ फेब्रुवारी

आज यांच्याशी बोलले नाही. माझ्या सारवणाकडं बघून म्हणाले, ठीक आहे, पण वत्सलाबाईंचं बघ जरा, तसं जमतंय का. त्या बाईला कधी पाहिलं तरी आहे का यांनी? जमिनीवरच्या चार रेघा बघून डोळे निवतात यांचे. मी सकाळपासून कंबर मोडून घेतली त्याचं काही नाही.

मी जळते, मला ठाऊक आहे. आई म्हणायचीच, धनश्री, तुला दुसऱ्याच्या ताटातलं वरण जास्त पिवळं दिसतं. असू दे. दुपारी हे विहिरीवर गेले तसं मी पाटीभर शेणमाती कालवली आणि माजघर सारवून टाकलं. तिची एक रेघ ठेवली नाही. वर माझ्या कमानी ओढल्या, लंगड्या तर लंगड्या.

३ फेब्रुवारी

सकाळी माजघराचं दार उघडलं. जमीन ओलीच होती. वर माझी नक्षी नव्हती. तिची होती.

मला वाटलं खालची वर उमटली असेल. बोट घालून पाहिलं, ओला गारा होता, ताजा. कमानीत माझी बोटं ठेवून पाहिली तर बसेनात. ओढणारीची बोटं फार बारीक.

तेवढ्यात हे आले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, आते बठना तुना हात, आता बसला तुझा हात. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या कामाकडं असं कधी पाहिलं नव्हतं. मी काय सांगायला हवं होतं, की हे मी नाही केलं? मी म्हटलं, मग, माझाच हात आहे.

१६ फेब्रुवारी

भूपेंद्रभाई बडोद्याच्या कॉलेजातली माणसं घेऊन आले, जुन्या घरांचे फोटो काढणारी. खांब पाहिले, मातीची कोठी पाहिली, मग माजघरात आली. एक बाई तर जमिनीला हात लावून नमस्कार करायला लागली. त्यांनी विचारलं, हा कुणाचा हात? भूपेंद्रभाई म्हणाले, वत्सला—

मी पुढं झाले. म्हटलं, वत्सलाबाईंचं मी कधीच पुसलं. हा माझा हात आहे.

माझा फोटो काढला. भूपेंद्रभाई म्हणाले, बेन, आखाजीची मला आता चिंता नाही. मला जे वाटलं ते वाटलं, खोटं कशाला लिहू. फार गोड वाटलं.

१७ फेब्रुवारी

उजव्या हाताची करंगळी मिटली आहे. झोपेत वळली असेल. उघडत नाही. दुसऱ्या हातानं ओढली तर डोळ्यांत पाणी आलं.

१९ फेब्रुवारी

इच्छापोरच्या डॉक्टरनं मलम दिलं. म्हणाला, थंड पाण्यात कामं करता, शिरा आखडतात. काही फरक नाही.

९ मार्च

लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

मी महिनाभर एकही कमान ओढलेली नाही. शेणमाती कालवून घमेलं माजघरात ठेवते आणि दार ओढून घेते. दुपारपर्यंत सगळं घर झालेलं असतं. आतून आवाज येतो, थप् थप्, ओल्या हाताचा. मी ओसरीत तांदूळ निवडत बसते. बघायला गेले नाही. आधी भीती वाटली, मग वाटलं, करतंय कुणी तर करू दे, नाव तर माझंच होतंय.

काल शेजारच्या शेतावरच्या बायका पाहायला आल्या. कसं जमतं म्हणाल्या. मी म्हटलं, हात असावा लागतो.

आज करंगळीशेजारचं बोटही मिटलं.

२८ मार्च

होळी झाली. भूपेंद्रभाई आले होते. मी हात पदराखाली ठेवला होता, पण त्यांनी पाहिलंच. वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, बेन, एकट्यानं रेटू नको, मदतीला बाई देतो.

बाई म्हणजे चंचल. बावीस वर्षांची, शिंदखेड्याकडची. नवरा इथल्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला. भिंतीला लागून ताडपत्रीच्या झोपडीत राहतात. मला वहिनी वहिनी करते, पाणी ओढते, पाय चेपू का विचारते. यांना भाकरी वाढताना हसते. यांना सगळ्यांच्याच भाकऱ्या चांगल्या लागतात, फक्त माझ्या सोडून.

जी बाई सारवते तिच्या नावावर. भूपेंद्रभाईंचे शब्द आहेत. मी विसरलेली नाही.

६ एप्रिल

यांनी दुपारी बनियन काढून दोरीवर टाकलं. बनियनच्या पाठीवर शेणमातीच्या चार बोटांच्या कमानी. तीन. मानेपासून कमरेपर्यंत.

मी वाट्टेल ते बोलले. चंचलचं नाव घेऊन बोलले. ती अंगणातच होती, ऐकत होती. हे म्हणाले, मी झोपाळ्यावर डोळा लागून पडलो होतो, मला काही माहीत नाही. चंचल रडत घरी गेली. मला बरं वाटलं.

८ एप्रिल, पाडवा

चंचल आली, जसं काही झालंच नाही. गुढीला साखरेची गाठी घेऊन आली. मी म्हटलं, हात दाखव. दाखवला. रुंद, जाडजूड बोटांचा, विटा वाहिलेला हात. बनियन मी धुतलं नव्हतं. तिची बोटं त्या रेघांवर ठेवून पाहिली.

रेघा फार बारीक. नऊ-दहा वर्षांच्या पोरीची बोटं असावीत.

तिला काही सांगितलं नाही. माफीही मागितली नाही.

१३ एप्रिल

मधलं बोट गेलं. पेन आता अंगठा आणि पहिल्या बोटात धरते, म्हणून अक्षर असं.

आज यांना दवाखान्याचं सांगून बसनं कोसाडला गेले. वत्सलाबाईंचं घर शोधायला तास गेला. कॉलनीत तळमजल्याला, दारात लेकाची सायकल. मी नाव सांगितलं नाही तोच तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. म्हणाली, सांगी तं नही दिन्हं ना तू, की तुझा हात आहे म्हणून? मी खाली बघितलं. तिनं चहा टाकला.

तिचा उजवा हात अर्धा मिटलेला. अंगठा आणि दोन बोटं उघडी.

जे सांगितलं ते असं. ओकळी तिचीही नव्हती. या घरच्या पहिल्या पिढीतली धाकटी सून काशीबा. नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आली. सगळं घर सारवायची, पाहुणे आले की थोरली जाऊ म्हणायची, माझ्या हातचं आहे. जन्मभर तसंच. दहाव्या वर्षीच मेली, तेव्हासुद्धा हात शेणात होते म्हणतात. आता ती कुणाला आपलं काम घेऊ देत नाही. जी बाई माझा हात म्हणते, तिचा हात ती मिटत जाते. वत्सलाबाईही गेल्या साली एकदा तसं म्हणून बसल्या. दिवाळीत त्यांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं की हे माझं नाही (भूपेंद्रभाईंना तो नम्रपणा वाटला), आणि घर सोडलं. दीड-दोन महिन्यांनी एकेक बोट उघडतंय.

मी म्हटलं, मग मला निरोप का नाही धाडला? ती सरळ म्हणाली, का धाडू? अकरा वर्षं मी राखलं ते घर. त्या खोल्या मला मिळायच्या होत्या. तू त्यात पाय पसरून झोपतेस हे ऐकून माझ्या पोटात आग पडायची.

मला राग नाही आला. मीही नसता धाडला.

निघताना म्हणाली, आखाजीला तिघे भाऊ असतील, तेव्हा सांगून टाक. माझं नाही, एवढंच. त्यानंतर उशीर होईल.

२० एप्रिल

यांना सांगितलं, सगळं. हे घाबरले नाहीत, चिडले. म्हणाले, आखाजीला तोंड उघडलंस तर परत डिंडोलीच्या खोलीत, भावाच्या पोरांच्या पायाशी. हात काय, सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. आधी कागद होऊ दे.

मलाही तेच वाटत होतं. तरी मला वाटत होतं, हे म्हणतील, खोल्या नकोत, हात राहू दे.

१ मे

पहिलं बोट मिटलं. मूठ झाली. डाव्या हातानं लिहिते.

ट्रंकेच्या झाकणावर ओकळी. आतल्या बाजूनं. साड्यांवर शेण.

४ मे

चंचल सारवते. मी ओसरीत बसून बघते. तिचं काम वाईट, माझ्याहून वाईट. ती हात धुऊन येते तोवर जमीन बदललेली. ती म्हणते, वहिनी, तुम्ही कधी उठून केलंत, तुमचा हात असा असताना? म्हणते, तुमच्यासारखं मला जन्मात जमणार नाही. वेडी आहे. तिला कळत नाही.

तिला म्हटलं, भाऊ विचारतील तेव्हा तुझा हात आहे म्हणून सांग. खोल्या मिळतील तुला, झोपडी सुटेल. ती बघतच राहिली. म्हणाली, खोटं कसं सांगू.

खरं लिहिते. मला खोल्या तिला द्यायच्या नव्हत्या. तिनं माझं म्हणावं, तिची बोटं मिटावी, मग मी सगळं सांगावं, आणि खोल्या—

७ मे

आवाज आता भर सकाळी. माजघरात नाही. आमच्या खोलीत. भिंतीतून. थप् थप्.

पलंगाच्या माझ्या बाजूला ओकळी. यांच्या बाजूला काही नाही.

८ मे

ठरवलं. उद्या सांगायचं. माझं नाही. तीन शब्द आहेत, दोनच आहेत. तोंडात घोळवते. माझं नाही. हाताला ऐकू गेलं असावं, अंगठा थोडा हलला. खरंच हलला. रडले.

खोल्या गेल्या तर गेल्या. शोभा हसेल. हसू दे.

९ मे, आखाजी

सगळे गेले. घाईनं लिहिते, डावी करंगळी—

सकाळी तिघे भाऊ, बायका, पोरं. माजघरात उभे राहिले. धाकटे दोघे खाली वाकून बघत राहिले. एक म्हणाला, हे पाडायचं म्हणत होतो आपण. भूपेंद्रभाईंचे डोळे भरले. घर राहिलं. पाडणार नाहीत.

मग विचारलं, कुणाचा हात. कागद त्यांच्या खिशात, नावाची जागा कोरी.

मी तोंड उघडलं. देवाशपथ मी सांगणारच होते. शब्द जिभेवर होता. आणि भूपेंद्रभाई चंचलकडं बघून म्हणाले, की हल्ली ही सारवते ना? तिच्या रुंद हातांकडं बघून हसले, कौतुकानं. हे पण बघत होते तिच्याकडं. तसंच, माझ्याकडं त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

चंचल म्हणाली, नाही हो दादा, मी नुसतं पाणी भरते. हे सगळं धनश्रीवहिनींचं. त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. खोल्या त्यांच्याच. आणि माझा पदर नीट केला तिनं, मूठ दिसू नये म्हणून.

मी नाही म्हटलं असतं तर तिला मिळाल्या असत्या. तिच्या नवऱ्याला, त्या झोपाळ्याचा वारा, विहीर—

भूपेंद्रभाईंनी मला विचारलं, बेन, खरं ना?

हो म्हटलं मी. माझाच.

तीन बोटं गेली डावी. पेन मुठीत—

हे बाहेर पेढे वाटतात. चंचल सगळ्यांना सांगते, वहिनींना मिळालं. माझ्यासाठी खूश आहे मेली.

कागद समोर. माझं नाव. दोन खोल्या जन्मभर

थप्

पाठीवर. ओलं. बारीक बोटं, मानेपासून खाली

यांना हाक मारते, यांना ऐकू येत नाही, हे चंचलच्या

विचारते ती, कुणाचा. कानाशी. पोरीचा आवाज

सांगते ग बाई सांगते लिहून देते तो हात माझा न